बांधावरची बाभूळ आणि घरातले फडताळ



बांधावरची बाभूळ व्यापाऱ्याने जळाऊच्या भावात न्यायची आणि त्या पैशात पदरची भर घालून आपण शहरातून भुसा दाबून केलेल्या पाट्यांचे कपाट आणायचे. पाण्याची ओल लागली की ते फुगते. कच्च्या मालाची लूट आता सैंपाकघरापर्यंत आली, एवढेच.

बाभळीचा तांबूस गाभा बैलगाडीच्या चाकाला पुरतो, तो डब्यांच्या मांडणीला पुरणार नाही काय? कडुनिंबाला तर किडा सहसा शिवत नाही. घोटाळा होतो तो घाईने. ओल्या लाकडाची फळी वाकते, तडकते. झाड हिवाळ्यात तोडावे. ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवावेत. मग आरागिरणीत इंची फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत वर्षभर रचून ठेवाव्यात. सालीलगतचे पांढरे लाकूड सुताराकडून काढून टाकावे. भुंगा आधी त्यालाच धरतो. उंची किती ठेवायची हे मात्र घरधनिणीला विचारा, हात तिचा पोचायला हवा.

सागाचे दुखणे वेगळे. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग आहे, आंबा, चिंच, मोहही आहेत. स्वतःच्या शेतात स्वतः वाढवलेले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. बांबू हे गवत. तरी 1927 च्या वनकायद्याने ते 2017 पर्यंत झाडच ठरवले होते. तेवढी एक गाठ सुटली. शेतातल्या सागाची गाठ कधी सुटणार, हा सवाल या जिल्हा बैठकीच्या ठरावात घालायचा आहे.