विश्लेषण : ‘याला गणित जमत नाही’ असे म्हणणारा भावी शिक्षक नेमके काय मानतो?

समजा, इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमधील एका शाळेत डी.एल.एड.ची विद्यार्थिनी सराव पाठ घेत आहे. आई-वडील दोघेही यंत्रमागावर कामाला जाणारा सहावीतला मुलगा फळ्यावर लिहितो : १/२ + १/३ = २/५. पाठ संपल्यावर ती वहीत काय नोंदवेल? ‘घरी अभ्यास घेणारे कोणी नाही’ की ‘अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो’? पहिली नोंद खरीही असेल. पण उद्याचा पाठ दुसऱ्या नोंदीतूनच ठरतो.

ज्ञानाविषयीच्या धारणा म्हणजे काय?

ज्ञान म्हणजे पुस्तकातील पक्की उत्तरे, की समजून घेत उभी करायची गोष्ट? बुद्धी जन्मजात ठरलेली असते, की सरावाने वाढते? अमेरिकी संशोधक मार्लीन शोमर यांनी १९९० मध्ये अशा धारणा प्रश्नावलीतून तपासल्या. बुद्धी ठरलेलीच असते असे मानणारा शिक्षक चूक दिसली की थांबतो. तसे न मानणारा विचारतो, ‘हे कसे काढलेस?’

‘नियंत्रण’ कुठे येते?

घडते ते आपल्या प्रयत्नांमुळे की नशीब, परिस्थिती आणि इतरांमुळे, याविषयीचा कल मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये विधानांच्या २९ जोड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. शिक्षकाच्या बाबतीत प्रश्न सरळ आहे : मूल शिकले नाही, तर कारण फक्त मुलाच्या घरात शोधायचे की आपल्या पाठातही?

परीक्षेत हे का दिसत नाही?

शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी) बालमानसशास्त्राला ३० गुण आहेत. ‘मूल स्वतः ज्ञानाची रचना करते’ हा पर्याय निवडला की गुण मिळतो. त्यावर विश्वास आहे की नाही, हे मात्र वर्गात चूक समोर आल्यावरच कळते.

मग सगळे शिक्षकाच्याच हातात?

नाही. रखडलेली भरती, वर्गातील पटसंख्या, पालकांच्या रात्रपाळ्या शिक्षकाच्या हातात नसतात. ‘मनात आणले तर काहीही शक्य’ हा उपदेश म्हणजे व्यवस्थेची जबाबदारी एकट्या शिक्षकावर ढकलणे. पण पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे त्याच्याच हातात असते. इथे तो साधा आहे : ‘अर्धी भाकरी होती, तिच्यात आणखी तुकडा आला. मग अर्धीपेक्षा कमी कशी झाली?’ २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे, हे मुलाला स्वतःच दिसेल.

काय बदलायला हवे?

२०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान २० आठवड्यांची आंतरवासिता असते. डी.एल.एड.लाही शाळेतील प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागतो. या काळात पाठ टाचणाच्या सुबक वहीपेक्षा वेगळी नोंद मागायला हवी : मुलाची एक चूक, तिच्यामागचा त्याचा विचार आणि दुसऱ्या दिवशी पाठात केलेला बदल. त्यावर मार्गदर्शक प्राध्यापकांनी छात्रशिक्षकाशी बोलायला हवे, नुसती सही करून चालणार नाही. धारणा व्याख्यानाने बदलत नाहीत. ‘जमत नाही’ म्हटलेले मूल आपल्यासमोर उत्तर दुरुस्त करते, तेव्हा त्या हलू लागतात.