पिशवी घरातून निघाली पाहिजे

गेल्या आठवड्यात नारायणगावच्या बाजारात आमच्या शेजारच्या खाला भेटल्या. हातात जुन्या ओढणीची शिवलेली पिशवी होती. आम्ही मास्तरकीच्या सवयीने विचारले, "खाला, पर्यावरणासाठी का?"

त्या हसल्या. "कसलं पर्यावरण, सर! मागच्या खेपेला कॅरीबॅगचे बंद तुटले आणि दोन किलो टोमॅटो रस्त्यावर सांडले."

पर्यावरणपूरक वस्तू माणूस का घेतो, याचे एक उत्तर आम्हाला तिथेच मिळाले. रोजच्या कामाला उपयोगी पडते म्हणून घेतो.

मग कायद्याचे काय? महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट अशा अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. सुरुवातीला दंडाचा धाक होता. पण भाजीवाल्याकडे आजही पातळ पिशवी मिळते, कारण आपण मागतो.

एलईडी दिव्याचे उदाहरण पाहा. २०१५ साली सरकारच्या उजाला योजनेतून हे दिवे स्वस्तात मिळू लागले आणि घरोघरी पोचले. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट लागतात. नऊ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. बिल कमी आले, तेव्हा कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

जिथे वस्तू महाग असते, तिथे प्रश्न विश्वासाचा येतो. पाकिटावर हिरवे पान छापले म्हणून माल चांगला ठरत नाही. सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' हे चिन्ह आणले, त्यावर मातीचे मडके आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? २०२४ साली केंद्राने खोट्या 'हिरव्या' जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचनाही काढल्या. म्हणून जादा पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विचारावे, यात नेमके काय वेगळे आहे?

राहिली लोकलाज. आमच्या घरी भाच्याच्या वलीम्याच्या वेळी यावरूनच वाद झाला. भाड्याची स्टीलची ताटे आणली तर धुणार कोण, आणि लोक काय म्हणतील? शेवटी धुणाऱ्या दोन बायांची मजुरी धरली आणि ताटे आणली. जेवणानंतर मैदानात कचऱ्याचा ढीग नव्हता. पुढच्याच महिन्यात मोहल्ल्यातल्या एका घराने आमच्याकडे भांडेवाल्याचा नंबर मागितला. इसराफ नको, हे आपण बयानात नेहमी ऐकतो. त्या दिवशी लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले.

तेव्हा महागडी 'इको' वस्तू आणायची घाई नको. आधी घरातली जुनी ओढणी काढा, पिशवी शिवा आणि दाराच्या खुंटीला अडकवा. बाहेर पडताना ती नजरेला पडली, तरच हातात येईल.