बदली आणि बनावट

शब्द परदेशी गेला की त्याची अब्रू शाबूत राहतेच असे नाही. ‘एर्झाट्स’ या जर्मन शब्दाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इंग्रजी वाचकाला तो परिचित आहे तो हलक्या, नकली वस्तूचे विशेषण म्हणून. उसन्या भावनेला आणि पोकळ संस्कृतीलाही तो आता सर्रास चिकटवला जातो. मायदेशी मात्र त्याचा मूळ अर्थ ‘एकाच्या जागी आलेले दुसरे’ एवढाच. यंत्राचा सुटा भाग तेथे ‘एर्झाट्सटाइल’, फुटबॉलच्या राखीव खेळाडूंचा बाक ‘एर्झाट्सबांक’ आणि नुकसानभरपाई ‘शाडेनएर्झाट्स’. यांत लबाडीचा वासही नाही.

मग हा डाग लागला कोठून? १९१४ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली आणि कॉफी, कापूस, रबर यांची आवक आटली. भाजलेले जव, चिकोरी, ओकची फळे यांची ‘कॉफी’ झाली. पावात बटाटा मिसळला गेला. १९१६-१७ च्या हिवाळ्यात तर बटाटाही पुरेना, तेव्हा एरवी गुरांपुढे टाकले जाणारे सलगमासारखे कंद माणसांच्या ताटात आले. शब्दाची चव बिघडली ती याच ताटात. ज्यांच्या नाकेबंदीने ही टंचाई वाढविली, त्यांच्याच भाषेत तो पुढे हेटाळणीचा शब्द व्हावा, हा विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे.

बनावट वस्तू आपले नाव लपविते; जवाची कॉफी ते लपवीत नाही. म्हणून ‘एर्झाट्स’साठी मराठीत सरसकट ‘नकली’ लिहिणे अन्यायाचे होय. अर्थात नाव उघड असले म्हणजे सारे क्षम्य ठरते असेही नव्हे. १९७७ साली कॉफीचे जागतिक भाव भडकले, तेव्हा पूर्व जर्मनीच्या सरकारने जेमतेम निम्मी कॉफी असलेले मिश्रण बाजारात आणले. नावातच ‘मिक्स’ होते. तरीही जनतेचा रोष एवढा झाला की ते मागे घ्यावे लागले. तेथे प्रश्न केवळ चवीचा नव्हता. पर्याय निवडण्याचा हक्क ग्राहकाला उरला नव्हता.

या शब्दाची खरी छटा मराठीला अपरिचित नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत ‘बदली कामगार’ असे. गैरहजर कामगाराच्या साच्यावर तो उभा राही, तेच सूत, तेच कापड काढी. त्याला नकली कोणी म्हटले नाही. मात्र आज काम मिळेल की नाही, हे त्याला रोज सकाळी गिरणीच्या दारात गेल्यावरच कळे.