मुरुमाने जमीन शुद्ध होत नाही

कारखाना, कचरा डेपो, तेलाची टाकी किंवा रंगखाना उठून गेलेल्या जमिनीवर पुन्हा बांधकाम करण्याआधी तीन गोष्टी माहीत व्हाव्या लागतात: जमिनीत काय मुरले आहे, ते कोणत्या वाटेने सरकते आणि त्या वाटेच्या टोकाला कोण राहते. या साखळीचा शोध म्हणजे तपासणी. तिचा एखादा दुवा कायमचा तोडणे म्हणजे जमिनीची शुद्धी. काही तेलांचे आणि द्रावकांचे जिवाणू विघटन करतात, पण शिसे, पारा, क्रोमियम असे धातू कितीही वर्षे वाट पाहिली तरी नाहीसे होत नाहीत. जमीन नुसती पडून राहिल्याने स्वच्छ होत नाही ती यामुळे.

या तपासणीला विरोध करणारे एक मत बांधकाम व्यवसायाच्या आसपास मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. माती तपासणे हा श्रीमंत देशांचा शौक आहे; त्यात वर्षे जातात आणि घरे महागतात; मुंबईला एक वेळ परवडेल, पण मराठवाड्याच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावाला हे चोचले कशाला; आणि काही निघालेच तर दोन फूट मुरूम टाकून रोलर फिरवला की प्रश्न मिटतो. असे बोलणाऱ्यांनी बोअरमधून काढलेला मातीचा नमुना कधी हातात घेतला असेल, असे त्यांच्या युक्तिवादावरून तरी वाटत नाही.

मुरुमाचा मुद्दा आधी घ्यायला हवा, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने उभे आहेत. मुरूम म्हणजे झिजलेला खडक. दाणेदार, पाणी झिरपू देणारा. पाऊस त्यातून सहज खाली उतरतो, दूषित थरात विरघळेल ते सोबत घेतो आणि पुढे जातो. मराठवाड्यात तो पुढे कुठे जातो हे ठरलेले आहे. इथे खाली बेसाल्टचा कातळ आहे, आणि विहिरींना पाणी मिळते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरातून आणि सांध्या-भेगांतून. विष ज्या वाटेने सरकते त्याच वाटेने पिण्याचे पाणीही येते. मुरुमाऐवजी काळी माती टाकावी, असेही सुचवले जाते. ही चिकण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून थेट तळाला जाते. हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. रोलरवर विश्वास ठेवणाऱ्यांना मात्र सांगावे लागते.

पाणी खाली जाते, तसे वायू वर येतात. गाडलेला कचरा हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के झाले की ठिणगी पुरते. बंद तळघर, लिफ्टचा खड्डा, गटाराचा चेंबर या त्याच्या साचण्याच्या जागा. सोबत येणारा हायड्रोजन सल्फाइड तांबे आणि चांदी काळवंडून टाकतो. मुंबईत मालाडच्या चिंचोली बंदर येथील कचराभूमी बंद होऊन भराव पडला आणि तिथे माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली. काही वर्षांतच संगणकयंत्रे बिघडू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि त्यांचा संबंध जमिनीतून येणाऱ्या वायूंशी जोडला गेला. यंत्र बंद पडले तर बदलता येते. त्याच खोलीत दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांची तशी सोय नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातले लव्ह कॅनॉल प्रकरण तर मुरूमवाद्यांनी दोनदा वाचावे. तिथे 1942 ते 1953 या काळात एका जुन्या कालव्यात सुमारे 21,000 टन रसायने पुरली गेली आणि वर चिकण मातीचे आवरण घातले गेले. ते आवरण मुरुमापेक्षा कितीतरी घट्ट होते. जमीन 1 डॉलरला शाळा मंडळाकडे गेली, शाळा झाली, घरे झाली. रस्ते आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी खोदकाम झाले आणि आवरण फाटले. ऑगस्ट 1978मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. बांधकाम म्हणजेच खोदकाम: पाया, पाइल, नळ, गटार, बोअर. ज्या जमिनीवर घर बांधायचे तिच्यावर नुसते झाकण पुरेल असे म्हणणे हा विसंगतीचा कळस आहे.

आवरण हा उपाय मुळातच चुकीचा नाही. मुंबईच्या गोराईत 1972पासून भरत आलेली कचराभूमी बंद करताना उतार बांधून काढले गेले, पाणी न झिरपणारे पत्रे अंथरले गेले, वायू बाहेर काढून जाळण्यासाठी विहिरी घेतल्या गेल्या. तेही आवरणच, पण मोजून, आखून केलेले. आणि वर घरे नव्हे, हिरवळ आली.

उरलेल्या आक्षेपांना एवढा वेळ देण्याची गरज नाही. शौक म्हणावे, तर 24 जुलै 2025 रोजी अधिसूचित झालेल्या दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाच्या नियमांनी ते भारतीय कायद्याचे कर्तव्य केले आहे. वेळेचे म्हणाल, तर याच नियमांत प्राथमिक तपासणीला 90 दिवसांची मुदत आहे. त्याहून जास्त काळ तर आराखड्याच्या मंजुरीत जातो. खर्च तपासणीने निर्माण होत नाही. तो आधीच जमिनीत गाडलेला असतो आणि तपासणी फक्त तो कोणाच्या नावावर आहे ते दाखवते. तालुक्याच्या गावाचा मुद्दा तर औंढ्यातच पडतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी याच तालुक्यातली जागा निवडण्यापूर्वी जमिनीची सूक्ष्म कंपने मोजली गेली. वेधशाळेच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांना स्थिर जमीन हवी म्हणून एवढी काळजी घेता येते. मग माणसे राहणार असलेल्या जमिनीत चार बोअर घेणे अशक्य कसे?

मुंबईच्या गिरणी-जमिनींचा जुना वाद इथे आठवतो. 1982च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागा कोणाला किती मिळाव्यात यावर 1991च्या नियमावलीपासून 2006च्या न्यायालयीन निकालापर्यंत भांडण चालले. मैदाने, कामगारांची घरे, मॉल यांच्या वाटण्यांवर शाई वाहिली. रंगखान्यांखालच्या मातीची चौकशी त्या गदारोळात क्वचितच ऐकू आली. भोपाळचीही तीच गत. जानेवारी 2025मध्ये तिथल्या बंद कारखान्यातला 337 टन विषारी कचरा पिथमपूरला नेला गेला आणि विषय संपल्यासारखे बोलले गेले. कारखान्याच्या आवारातली माती आणि आसपासचे भूजल त्या ट्रकांतून गेलेले नाही.

कामाचा योग्य क्रम अवघड नाही. आधी कागद: जुने सातबारे, नगर भूमापनाचे नकाशे, कारखान्याचे परवाने, निवृत्त कामगारांची माहिती. मग जागेची पाहणी, चाचणी खड्डे, बोअर, निरीक्षण विहिरी, वायूचे मोजमाप आणि प्रयोगशाळेचे अहवाल. त्यावरून जोखीम काढायची आणि उपाय निवडायचा. तेलाने बाधित माती जिवाणूंनी सुधारता येते, वाफ होणारी द्रावके शोषून काढता येतात, धातूंची माती सिमेंटने बांधून ठेवता येते, जुना कचरा खणून, चाळून वेगळा करता येतो. गोदामासाठी पुरेल ती शुद्धी बालवाडीसाठी पुरत नाही, हे आधी ठरवावे लागते.

नियमांतही उणिवा आहेत. स्वच्छता पूर्ण करण्याची मुदत त्यांत नाही आणि कचरा डेपोतील घनकचरा सर्वसाधारणपणे त्यांच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. 1927पासून कचरा घेणाऱ्या देवनारची 124 एकर जमीन 2024मध्ये धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्यात आली; तिथे ही उणीव माणसांच्या अंगावर येणार आहे. जमिनीचा पूर्वीचा दूषित वापर सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात किंवा मिळकत पत्रिकेवर नोंदवला जावा, तपासणी निविदेपूर्वी व्हावी, तपासणाऱ्याचा मेहनताना विकासकाने थेट देऊ नये आणि शुद्धीचा खर्च जमिनीच्या किमतीतून वजा व्हावा. काम झाल्यावर नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेने घ्यावेत, आणि निरीक्षण विहिरींतले पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दर वर्षी दोनदा तपासले जावे, इमारतीत लोक राहायला आल्यानंतरही.