धाब्यावरून दिसणारी गल्ली

नशिराबादच्या आमच्या जुन्या घराला मातीचं धाबं होतं. उन्हाळ्यात आम्ही भावंडं रात्री तिथंच झोपायचो आणि संध्याकाळी खालच्या गल्लीतली लपाछपी वरून बघायचो. कोण कुणाच्या ओट्यामागे दबून बसलंय, ज्याच्यावर राज्य आहे तो कुठून येतोय, सगळं एका नजरेत. खाली उतरून स्वतः खेळायला लागलं की मात्र समोरची भिंत आणि छातीतली धडधड, एवढंच.

रोल-प्लेइंग गेममध्ये कॅमेरा कुठे असावा, हा भाच्याशी माझा वाद याच दोन जागांचा आहे. तो स्कायरिमवाला (2011). पात्राच्या डोळ्यांतून जग दिसलं तरच आपण ते पात्र होतो, असं त्याचं म्हणणं. मी वरून तिरकं दिसणाऱ्या गेमचा माणूस: बाल्डर्स गेट (1998), पहिले दोन फॉलआउट. बेथेस्डाने 2008 मध्ये फॉलआउट 3 काढला आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणला, त्यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

मला वाटतं, डोळ्यांतून बघताना पात्र पुसलं जातं. उरतो तो मीच, हातात तलवार घेतलेला. सायबरपंक 2077 मध्ये जॅकेटं, बूट, चष्मे घ्यायचे ढीगभर, आणि पायी फिरताना आरसा सापडेपर्यंत स्वतःचा चेहरा दिसत नाही. नवरदेवाला शेरवानी घालायची आणि घरातले आरसे झाकून ठेवायचे, तसला प्रकार!

वरच्या कॅमेऱ्यात लांबचा माणूस लहान होत नाही, समांतर भिंती कुठे जाऊन मिळत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच लघुचित्रांतही असंच असतं. अंगण वरून दिसतं, माणसं समोरून, आणि मागच्या दालनातली दासी राजाइतकीच स्पष्ट. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेल्या ‘राजी’त पहाडी चित्रशैली वापरली आणि कॅमेरा लांब, वर ठेवला, तो मला म्हणूनच बरोबर वाटतो. काटेकोर अर्थाने तो रोल-प्लेइंग गेम नाही. पण भावाला शोधत निघालेली ती पोरगी अवाढव्य महालांपुढे किती एकटी आहे, हे तिच्या डोळ्यांतून बघून कळलं नसतं.

भाच्याची बाजूही पोकळ नाही. जुन्या बाल्डर्स गेटमध्ये आकाशच नाही. डोंगर चढून गेल्यावर समोर दरी उघडते, तो श्वास अडकणं वरून कधीच मिळत नाही. भीतीही नाही. दाराआड काय आहे हे ठाऊक नसणं, ही डोळ्यांच्या उंचीचीच मिळकत.

पण मला त्या उंचीवरून एकदा फार कमी दिसलं होतं. शिकायला पुण्याला गेलो तेव्हा एका घरमालकाने खोली दाखवली, भाडं ठरवलं, मग नाव विचारलं. नाव ऐकून त्याचा चेहरा बदलला आणि खोली एका नातेवाइकाला द्यायची असल्याचं त्याला आठवलं. कितीतरी वर्षं मला तो चेहराच आठवत राहिला. भुवईवरच्या तिळासकट.

मग एकदा गेम खेळता खेळता तो जिना वरून दिसला. दारात घरमालक, उंबऱ्याशी मी, आणि दोन पायऱ्या खाली माझी ट्रंक दोन्ही हातांत धरून उभा असलेला माझा मित्र. खोली त्यानेच शोधली होती. नाव त्याचं पाटील. त्या दिवशी त्याला काय वाटलं, हे मी कधी विचारलंच नाही. तो माझ्या चौकटीतच नव्हता. बाल्डर्स गेटमध्ये सोबतचे पाचही जण सतत पडद्यावर असतात, म्हणून कदाचित.

“मामू, हे गेमचं नाही, तुमचं काहीतरी आहे,” भाचा म्हणतो. असेल. सध्या आम्ही दोघं आळीपाळीने बाल्डर्स गेट 3 खेळतोय. त्यात कॅमेरा पार वर नेता येतो आणि पात्राच्या पाठीशीही आणता येतो. तो खाली आणून ठेवतो. माझी पाळी आली की मी आधी चाक फिरवून वर नेतो.