तवांगसाठी पदक नव्हतं

मेजर रालेंगनाओ खाथिंग यांच्या नावापुढे तीन सन्मान लागतात: पद्मश्री, मिलिटरी क्रॉस आणि एमबीई. शेवटचे दोन दुसऱ्या महायुद्धातले, ब्रिटिशांनी दिलेले. पद्मश्री १९५७ सालची, नागरी सेवेच्या खात्यातली. १९५१च्या हिवाळ्यात त्यांनी आजच्या अरुणाचलातल्या तवांगमध्ये जे केलं त्याबद्दल एकही शौर्यपदक नाही. भारताच्या ताब्यात आज असलेल्या सीमाभागात तवांगइतका हवाहवासा तुकडा बीजिंगला दुसरा नाही, हे लक्षात घेतलं की या रिकाम्या जागेचं महत्त्व कळतं.

खाथिंग मणिपूरच्या उख्रुल भागातले तांगखुल नागा. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकले, शाळेत मास्तरकी केली आणि युद्ध पेटल्यावर फौजेत गेले. हैदराबाद रेजिमेंटमध्ये, म्हणजे आजच्या कुमाऊँ रेजिमेंटमध्ये, ते अधिकारी झाले. त्यांचं नाव उच्चारता येईना म्हणून अमेरिकनांनी त्यांना ‘बॉब’ केलं, ते जन्मभर चिकटलं. जपानी फौज ब्रह्मदेश ओलांडून येऊ घातली तेव्हा ब्रिटिशांनी सरहद्दीवर ‘व्ही फोर्स’ उभी केली होती. तिचं खरं काम लढण्यापेक्षा बातमी आणण्याचं. कोणत्या पायवाटेने किती जपानी आले, कुठल्या गावात धान्य उचललं गेलं, हे डोंगरातल्या लोकांकडून काढून घ्यायचं आणि मागे पोचवायचं. खाथिंग यांनी गणवेश उतरवला, तांगखुल शाल पांघरली आणि स्वतःच्याच मुलखात हेरगिरी केली. मिलिटरी क्रॉस आणि एमबीई ही त्या युद्धकाळातली कमाई.

मराठी वाचकाला हा मुलूख वाटतो तितका परका नाही. मार्च १९४४मध्ये याच उख्रुलजवळ सांगशाकला पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना काही दिवस अडवून धरलं, आणि त्या ब्रिगेडबरोबर मराठा पलटण होती, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. कोकण-देशावरची पोरं तिथे पाण्यावाचून खंदकांत लढली. कोहिमा-इंफाळच्या मोठ्या कथेत सांगशाकला अजूनही तळटीपेएवढीच जागा मिळते.

आता तवांग. भारत आणि तिबेट यांच्यातली सीमा आखणाऱ्या मॅकमोहन रेषेबद्दल ब्रिटिश आणि तिबेटी प्रतिनिधींच्या चिठ्ठ्यांची देवाणघेवाण झाली ती दिल्लीत, २४ आणि २५ मार्च १९१४ रोजी. परिषद सिमल्याच्या नावाने ओळखली जाते, पण ही अदलाबदल दिल्लीतली. त्याच्या आदल्या वर्षी फ्रेडरिक बेली आणि हेन्री मॉर्सहेड यांनी तो सगळा प्रदेश पायी तुडवून नकाशासाठी माहिती गोळा केली होती, आणि त्या प्रवासात तेही तवांगमधून गेले होते. बेलीला यासाठी मॅकग्रेगर पदक मिळालं. सैनिकी टेहळणीसाठी दिलं जाणारं हे पदक १८८८पासून युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन देते, आणि ती संस्था आज दिल्लीतच राव तुलाराम मार्गावर आहे. पुढे हाच बेली सिक्कीममध्ये पोलिटिकल ऑफिसर झाला, म्हणजे जवळजवळ राजदूतच.

रेषा कागदावर आली, पण तवांगचा मठ आणि तिथले तिबेटी अंमलदार पूर्वीसारखेच कर गोळा करत राहिले. ब्रिटिशांनी मधूनमधून हालचाल केली, नेटाने काही केलं नाही. मग ऑक्टोबर १९५०मध्ये चिनी फौज तिबेटात शिरली. २० नोव्हेंबरला नेहरूंनी तेव्हाच्या हंगामी संसदेत सांगितलं की नकाशा असो वा नसो, मॅकमोहन रेषा हीच आपली सीमा. ती जमिनीवर उतरवायची कोणी, हा प्रश्न उरला.

आसामचे राज्यपाल जयरामदास दौलतराम यांनी ती जबाबदारी खाथिंग यांच्यावर टाकली. जानेवारी १९५१मध्ये लोकरा इथून सुमारे २०० आसाम रायफल्सचे जवान आणि ६०० हमाल घेऊन ते निघाले. ऐन हिवाळ्यात, तेरा हजार फुटांहून उंच सेला खिंड ओलांडून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तवांगला पोचले. तिबेटी अंमलदारांनी त्यांना मान्यता देण्याचं टाळलं. खाथिंग यांनी छावणीची जागा निवडली, जवानांना संगिनी लावून गावातून संचलन करायला लावलं, गावबुढ्यांना, म्हणजे गावप्रमुखांना, बोलावून घेतलं आणि आजपासून कर तिबेटला द्यायचा नाही असं सांगितलं. एकही गोळी सुटली नाही. ल्हासाने निषेध केला, दिल्लीने तो धुडकावला.

याच्याशेजारी फ्रान्सिस यंगहजबंड ठेवून पाहा. तोही टेहळणीतून वर आलेला, १८९०चा मॅकग्रेगर पदकाचा मानकरी, तोही पुढे मुत्सद्दी म्हणवला गेला. १९०४मध्ये तो ल्हासाला करार करायला निघाला तेव्हा वाटेत गुरू इथे त्याच्या फौजेने मॅक्झिम मशीनगनांनी शेकडो तिबेटी मारले. पळणाऱ्यांच्याही पाठीत गोळ्या बसल्या. त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. खाथिंग यांनी त्याहून टिकाऊ काम रक्त न सांडता केलं आणि ते बसवायला पदकांच्या चौकटीत खणच नव्हता. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. तवांगमध्ये शत्रू कोण होता? शत्रूसमोर नसलेल्या शौर्याची, पुढे अशोक चक्र म्हणून ओळखली गेलेली मालिका १९५२च्या जानेवारीत सुरू झाली, पण तिथेही असामान्य धाडस किंवा आत्मत्याग लागतो. (या पदकांची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर मराठी घरातल्या सून होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच.) समजावणं, धाक आणि अचूक माहिती यांच्या मिश्रणाने मिळवलेला विजय कोणत्या चक्रात बसवणार?

खाथिंग यांच्या पदकांपेक्षा मला त्यांच्या नोकरीच्या कागदाचं जास्त नवल वाटतं. हेरगिरी करणारा कॅप्टन, मग मणिपूर संस्थानाच्या अंतरिम सरकारात डोंगरी भागाचा मंत्री, मग आसाम रायफल्स, मग सरहद्दीचा पोलिटिकल ऑफिसर, नागालँडचा मुख्य सचिव, आणि १९७२मध्ये रंगूनला भारताचा राजदूत. आदिवासी समाजातला पहिला राजदूत म्हणून त्यांचा उल्लेख होतो; तो खरा आहे, पण त्यात नेमणुकीमागचं शहाणपण झाकलं जातं. नागा बंडखोर त्या काळात ब्रह्मदेशच्या जंगलातून चीनकडे जात होते. त्या वाटा ज्याने पायांनी ओळखल्या होत्या असा माणूस दिल्लीने रंगूनला पाठवला. आणि समोर कोण, तर ब्रह्मदेशाचा लष्करशहा ने विन! जपानी हेरखात्याने हैनान बेटावर शिकवून तयार केलेल्या ब्रह्मी तरुणांपैकी एक. एका युद्धात विरुद्ध बाजूंच्या गुप्तहेरांच्या शाळेत शिकलेले दोघे तीस वर्षांनी राजशिष्टाचाराच्या टेबलाशी आले. अशी बैठक परराष्ट्र सेवेच्या परीक्षेतून घडत नाही.

हे जमलं कारण खाथिंग सरहद्दीवर होते तेव्हा नेफा, म्हणजे आजचं अरुणाचल, परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत होतं. त्यासाठी इंडियन फ्रंटियर अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस नावाची वेगळी सेवा पन्नासच्या दशकात काढली गेली, तिच्यात फौजेतले लोक हौसेने घेतले, आणि साठच्या दशकात ती गुंडाळून आयएएसमध्ये मिसळून टाकली. त्याबरोबर ही वाटही बुजली. आज दिल्ली फौजी माणसाला राजदूत करते ती निवृत्तीनंतरची सोय म्हणून, आणि बहुतेक वेळा तो सेनाप्रमुखच असतो. करिअप्पा ऑस्ट्रेलियाला, जे. एन. चौधुरी कॅनडाला, अर्जनसिंग स्वित्झर्लंडला, अलीकडे दलबीरसिंग सुहाग सेशेल्सला. माणसं मोठी, पण त्यांचं त्या देशाबद्दलचं ज्ञान नेमणुकीनंतर सुरू होणारं. साउथ ब्लॉकमध्ये सेना मुख्यालय आणि परराष्ट्र खातं कित्येक दशकं एका छताखाली बसलं. एका टोकाचा मेजर दुसऱ्या टोकाला कामाला गेल्याचं उदाहरण मात्र शोधावं लागतं. नेपाळ, भूतान, म्यानमार यांच्या सीमेवर वर्षानुवर्षं घालवलेले, तिथली भाषा बोलणारे लष्करी गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी चाळिशीत असतानाच, निवडीच्या रीतसर मंडळापुढे बसवून, परराष्ट्र सेवेत घ्यायला काय हरकत आहे? परराष्ट्र खात्याचे लोक म्हणतील, हेर पाठवलात तर यजमान देश संशय घेईल. तो संशय ते आताही घेतात, आणि खाथिंग यांची नेमणूक ब्रह्मदेशाने स्वीकारली होती.

ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस संरक्षणमंत्री राजनाथसिंग यांनी तवांगमधल्या मेजर खाथिंग यांच्या नावाच्या शौर्य संग्रहालयाचं उद्घाटन तेजपूरहून दूरदृश्य पद्धतीने केलं. चांगलं झालं. पण त्यानंतर जे लिहून आलं त्यात एक जुनीच कथा परत फिरली, की ही मोहीम नेहरूंना अंधारात ठेवून झाली आणि नंतर ते संतापले. मला ती पटत नाही. दोन-अडीच महिन्यांपूर्वी संसदेत रेषेबद्दल इतकं ठाम बोललेला पंतप्रधान, आणि नेफाचं खातं त्याच्याच हाताखाली! कागद निघाले तर वाद मिटेल. लष्करी नोंदी साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या कराव्यात असं धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१मध्ये जाहीर केलं आहे. अडचण इतकीच की ही मोहीम संरक्षण मंत्रालयाची नव्हतीच. आसाम रायफल्स आणि नेफा दोन्ही तेव्हा परराष्ट्र खात्याकडे होते, १९६५मध्ये गृह खात्याकडे गेले, आणि नेफाचा कारभार पुढे इटानगरला. तेव्हा मागणीचा अर्ज लिहायला बसलेल्या अभ्यासकाने पाकिटावर आधी कोणतं मंत्रालय घालायचं, एवढं तरी सरकारने सांगावं.