नखांवरचा रंग आणि वुजूचे पाणी



गेल्या सुट्टीत आम्ही शिरूरहून दौंडला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. दुपारी स्वयंपाकघरातून उग्र वास आला म्हणून डोकावलो. दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली भाची गॅसवरच्या पातेल्याच्या वाफेवर बोटे धरून उभी होती. ओट्यावर नेलपेंटच्या तीन बाटल्या आणि रिमूव्हर, सगळे उघडे. खिडकी बंद.

"खाला, ओल्या नेलपेंटला वाफ दिली की चकाकी जाते, मॅट होतं!"

आम्ही आधी गॅस बंद केला, मग खिडकी उघडली. रागावणे मात्र गिळले. कारण तिचे म्हणणे खरे होते. नेलपेंट म्हणजे सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. सॉल्व्हंट उडून जाते आणि नखावर पातळ पापुद्रा राहतो. तो गुळगुळीत असेल तर चमकतो. वाफेमुळे किंवा चिमूटभर चाळलेल्या कॉर्नफ्लोअरमुळे तो खरखरीत झाला की प्रकाश विखुरतो आणि रंग मॅट दिसतो. 'कॅट-आय' रंगात लोहाचे बारीक कण असतात. रंग ओला असतानाच लोहचुंबक न टेकवता जवळ धरले की कण सरकतात आणि उजळ रेघ उमटते. नववीच्या विज्ञानापेक्षा हे वेगळे नाही.

पण उडून जाणारे सॉल्व्हंट पेट घेते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते, ओट्यावरून, जमिनीवरून पसरते आणि ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. दौंडकरांना हे वेगळे सांगायला नको. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतल्या आगीच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या असतात. म्हणून हा खेळ स्वयंपाकघरात नको. पाणी उकळून गॅस बंद करावा, भांडे दुसऱ्या खोलीत उघड्या खिडकीपाशी न्यावे आणि बोटे वाफेपासून वीतभर वर धरावीत. तिथे अगरबत्तीही नको.

असरची अजान झाली. तासाभराची मेहनत भाचीने रिमूव्हरने खसाखसा पुसून टाकली. नखांवर पापुद्रा असेल तर खाली पाणी पोहोचत नाही आणि वुजू होत नाही, हे तिला ठाऊक होते. आम्ही सहज म्हणालो, "मग पाळीच्या दिवसांत लाव ना. तेव्हा नमाज माफच असते. गुस्लच्या आधी काढून टाकायचं."

ती खाली मान घालून म्हणाली, "तेव्हा लावलं की घरात सगळ्यांना कळतं, खाला. अब्बांना, भाईजानला. परवा तर पाहुण्यांसमोरच विचारलं, 'आज नेलपेंट? सुट्टी का?'"

आम्ही गप्प झालो. हाच प्रश्न शिरूरला शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही स्वतः एका तरुण शिक्षिकेला हसत विचारला होता. तिने दुसऱ्या दिवशी नखे कोरी करून आल्याचे आम्हाला आता आठवले. धर्माने जी सवलत दिली, तिची आम्ही चारचौघांत चौकशी केली होती.

"पाणी आरपार जाणारं नेलपेंट मिळतं म्हणे?" भाचीने विचारले. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीचे ओ-टू-एम हे नेलपेंट २०१३ च्या सुमारास मुस्लिम स्त्रियांमध्ये बरेच गाजले. त्यानंतर तसे दावे करणाऱ्या बाटल्या वाढल्या. पण वाफ आरपार जाणे आणि वुजूचे पाणी नखापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलेमांमध्येही यावर एकमत नाही. बाटलीवरचा 'हलाल' शब्द वाचून निकाल लावू नये, आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. मेहंदीचा प्रश्न येत नाही, कारण ती नखाला रंग देते, थर ठेवत नाही. काळ्या 'झटपट' मेहंदीपासून मात्र दूर राहावे. तिच्यातल्या केसांच्या डायच्या रसायनाने कातडीवर फोड येतात.

मग आम्ही दोघी कटलरीच्या दुकानात गेलो आणि प्लास्टिकच्या तयार नखांचे पाकीट आणले. नखे पुठ्ठ्यावर दुहेरी चिकटपट्टीने बसवली. मॅट, कॅट-आय, चमकी, सगळे प्रयोग त्या दहा नखांवर झाले. ईदला नमाजनंतर ती चिकटपट्टीने बोटांवर लावायची, पुढच्या वुजूआधी काढायची आणि चिकटपट्टीचा अंशही राहू द्यायचा नाही. पाकिटातला झटपट चिकटणारा गोंद आम्ही बाजूला ठेवला. तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर एकदम तापतो आणि भाजते.

प्लास्टिकच्या नखांनी मुलीचा छंद सांभाळला जाईल. तिचा संकोच घालवणे मात्र आपल्या मोठ्यांच्या हातात आहे. घरातल्या मुलीच्या नखांवर रंग दिसला तर "छान दिसतोय" एवढेच म्हणावे, किंवा काहीच म्हणू नये. नमाजचा हिशेब ती आणि तिचा रब जाणे.

शाळा उघडल्यावर आम्ही त्या शिक्षिकेची माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "मॅडम, तुमच्या लक्षात आहे?" तिच्या तर होतेच.

खुदा हाफिज.